१४ सराव परीक्षा आणि एक सीईटी

२०२४ च्या जानेवारीत मुलीच्या क्लासने पहिली पूर्ण लांबीची सराव परीक्षा घेतली आणि तिला २०० पैकी ९४ गुण पडले. त्या संध्याकाळी आमच्या घरात एकच प्रश्न फिरत होता : सरावातले हे ९४ म्हणजे खऱ्या एमएचटी-सीईटीत, राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत, किती? क्लासच्या सरांनी सांगितले, "मॅडम, यात वीस-पंचवीस सहज वाढतात, काळजी करू नका." शेजारच्या ताईंचे मत होते की खऱ्या परीक्षेत दडपणामुळे वीस-पंचवीस कमीच होतात, कारण त्यांच्या मुलाचे तसे झाले होते. दोघेही अनुभवाने बोलत होते आणि दोघांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध होती. मी कराडच्या एका पतसंस्थेत लेखापाल आहे. दोन नोंदी जुळल्या नाहीत की मुळापर्यंत गेल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून त्याच रात्री मी एक लांब वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख, विषयवार गुण आणि एकूण गुण असे रकाने आखले. पुढच्या पाच महिन्यांत त्या वहीत १४ सराव परीक्षांची नोंद झाली आणि पंधरावी नोंद प्रत्यक्ष सीईटीची.

परीक्षेचे स्वरूप आधी सांगते, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. अभियांत्रिकीसाठी पीसीएम गटाची सीईटी २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटे. त्यानंतर गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकाला दोन गुण, स्वतंत्र ९० मिनिटे. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात आणि गणितात १०८ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सुमारे ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि सुमारे २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतो. परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते आणि म्हणून निकाल गुणांत न देता पर्सेंटाईलमध्ये, म्हणजे इतर परीक्षार्थींच्या तुलनेतल्या स्थानात, दिला जातो.

वहीतले पहिले पाच आकडे असे होते : ९४, १०१, ८८, ११२, १०७. मग बोर्डाच्या परीक्षेमुळे खंड पडला. मार्चअखेरीपासून पुन्हा सुरुवात झाली : १२६, ११९, १३१, १२४, १३८, १४२, १०९, ११६, १२७. या आकड्यांकडे नुसते पाहिले तर चढ दिसतो, पण मधेच १४२ वरून १०९ वर झालेली घसरण पाहून आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. मुलगी तर म्हणाली, "आई, मी विसरतेय सगळं. जे येत होतं तेही जातंय." तेव्हा मी तिला म्हटले की पतसंस्थेत एका दिवसात शिल्लक तेहतीस हजारांनी कमी दिसली तर आपण लगेच चोरी झाली असे म्हणत नाही, आधी दोन्ही दिवसांच्या नोंदी एकाच पद्धतीने झाल्या आहेत का ते बघतो. आपण तेच करू.

त्या रात्री आम्ही सगळ्या प्रश्नपत्रिका जमिनीवर मांडल्या आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की या परीक्षा एकसारख्या नव्हत्याच. जानेवारी-फेब्रुवारीतल्या पाच परीक्षांत अकरावीचा एकही प्रश्न नव्हता, कारण क्लासमध्ये तो भाग शिकवून झालेला नव्हता. शिवाय त्या कागदावर, उत्तराचे गोल काळे करायच्या ओएमआर पत्रिकेवर झाल्या होत्या आणि सलग १८० मिनिटांच्या होत्या. मुलीचे रसायनशास्त्र चांगले आहे. ती ते २५ मिनिटांत संपवायची, भौतिकशास्त्राला ५० मिनिटे द्यायची आणि उरलेली १५ मिनिटे गणिताला वापरायची. गणिताला अशी १०५ मिनिटे मिळाली की तिचे सात-आठ प्रश्न जास्त सुटत, म्हणजे जवळजवळ १५ गुणांचा फरक. खऱ्या परीक्षेत मात्र पहिला भाग आणि गणित यांच्यामध्ये कुलूप असते. पहिली ९० मिनिटे पूर्ण होईपर्यंत गणिताचा भाग उघडत नाही आणि पहिल्या भागात वाचलेला वेळ गणिताच्या खात्यात जमा होत नाही. हे आम्हांला माहीत होते, परंतु सराव परीक्षेतल्या गुणांवर त्याचा परिणाम किती होतो हे मोजण्याचे आमच्या मनात आले नव्हते. यानंतर घरी दिलेल्या प्रत्येक परीक्षेत मी स्वयंपाकघरातले घड्याळ तिच्यासमोर ठेवत असे आणि ९० मिनिटे झाली की पहिली प्रश्नपत्रिका उचलून घेत असे. वेळेआधी झाली तरी गणिताची द्यायची नाही, असा नियम होता. त्यामुळे वाचलेली १५ मिनिटे ती भौतिकशास्त्राची उत्तरे पुन्हा तपासण्यात घालवू लागली आणि त्या विषयात तिचे चार-पाच गुण वाढले.

दुसरी गोष्ट १३८ आणि १४२ या दोन आकड्यांची. याच दोन आकड्यांवर क्लासने आमचे अभिनंदन केले होते. प्रश्नपत्रिका ओळीने वाचताना मुलगीच म्हणाली, "हा प्रश्न मला पाठ आहे." शोधल्यावर असे दिसले की त्या दोन परीक्षांतले कितीतरी प्रश्न क्लासने आधी दिलेल्या सराव संचांतून जसेच्या तसे उचललेले होते; काही ठिकाणी पर्यायांचा क्रमसुद्धा बदललेला नव्हता. क्लासने ते मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही, उजळणीसाठी तसे करण्यात गैरही काही नाही. पण त्या गुणांवरून पालकांना "तुमची मुलगी आता १४०च्या घरात आहे" असे सांगणे योग्य नव्हते. त्या एका वाक्यावर विसंबून आम्ही पुण्या-मुंबईच्या कोणत्या महाविद्यालयात अर्ज करायचा याची चर्चा सुरू केली होती. मी वहीत त्या दोन्ही नोंदींभोवती पेन्सिलीने चौकट काढली आणि बाजूला 'पूर्वपरिचित' असे लिहिले.

यापेक्षा मोठा गोंधळ पर्सेंटाईलचा होता. क्लासमध्ये २१२ मुले सराव परीक्षा देत. चौदाव्या परीक्षेत मुलीला १२७ गुण मिळाले आणि तिचा क्रमांक २६ वा आला. क्लासच्या कागदावर पर्सेंटाईल ८८.२ असे छापलेले होते. त्याआधी एका मोबाईल ॲपवर दिलेल्या 'राज्यस्तरीय' सराव परीक्षेत तिला अवघे १०९ गुण होते आणि तिथे पर्सेंटाईल ९८.६ दिसत होते. कमी गुणांना दहा पर्सेंटाईल जास्त! या दोन आकड्यांवरून मी महाविद्यालयांच्या दोन वेगळ्या याद्या केल्या होत्या, आणि त्या दोन्ही याद्यांत एकही नाव समान नव्हते.

याचा उलगडा सूत्र समजून घेतल्यावर झाला. सीईटीत तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती जण आहेत हे मोजायचे, त्याला सत्रातील एकूण परीक्षार्थींच्या संख्येने भागायचे आणि १०० ने गुणायचे, असा हिशेब असतो. म्हणजे पर्सेंटाईल हा तुमच्या गुणांइतकाच तुमच्या शेजारी कोण बसले आहे याचा आकडा आहे. क्लासमधली २१२ मुले ही निवडक होती. प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन घेतलेली, जानेवारीपासून रोज सहा तास अभ्यास करणारी. त्यांच्यात २६ वे येणे आणि राज्यातल्या काही लाख मुलांत तितक्याच टक्क्यांवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट ॲपवरची परीक्षा मोफत होती. माझ्या भाच्याने ती उघडून दहा प्रश्न सोडवले आणि बंद केली होती, तरी निकालाच्या यादीत त्याचे नाव ८ गुणांसह दिसत होते. असे किती असतील? ती सगळी मुले माझ्या मुलीच्या खाली उभी होती आणि तिला ९८.६ वर नेत होती. त्यानंतर मी वहीत पर्सेंटाईल लिहिणे बंद केले. फक्त गुण लिहिले.

तरीही गुणांमधला चढउतार उरलाच होता. चौकटीतल्या दोन नोंदी बाजूला ठेवल्या तरी १३१, १२४, १०९, ११६, १२७ यांत २२ गुणांचे अंतर होते. मुलगी तीच, अभ्यास तोच, घड्याळ तेच. मग हे अंतर कुठून आले? याचे उत्तर सापडले ते योगायोगाने, तिच्या रफ कागदावर. जो प्रश्न तिला येत नसे आणि ज्याचा पर्याय ती अंदाजाने निवडत असे, त्याच्या क्रमांकापुढे ती पेन्सिलीने एक बारीक टिंब देत असे. तिला स्वतःलाही त्याची फारशी जाणीव नव्हती. वेळ उरला तर परत बघायचे, एवढ्यासाठी ती खूण होती. मी ती टिंबे मोजली. साधारणपणे प्रत्येक परीक्षेत भौतिक-रसायनात २५ च्या आसपास आणि गणितात २० च्या आसपास टिंबे होती. गुण कापले जात नसल्यामुळे १५० पैकी एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हे बरोबरच आहे, पण त्यामुळे एकूण गुणांत दोन वेगळ्या प्रकारचे पैसे एकाच डब्यात पडत होते.

पतसंस्थेत आम्ही येणी बाकी दाखवतो तेव्हा त्यातली वसूल होणारी किती आणि संशयित किती हे वेगळे दाखवावे लागते. सगळी एकत्र धरून ताळेबंद चांगला दिसतो, पण तो खरा नसतो. मी वहीत दोन नवे रकाने आखले : खात्रीचे गुण आणि अंदाजाचे गुण. जुन्या प्रश्नपत्रिकांचे रफ कागद तिने जपून ठेवले होते, त्यामुळे मागचा हिशेबही करता आला. १३१ मध्ये १०७ खात्रीचे आणि २४ अंदाजाचे निघाले. १०९ मध्ये १०१ खात्रीचे आणि फक्त ८ अंदाजाचे. १२४ मध्ये १०८ आणि १६, ११६ मध्ये १०४ आणि १२, १२७ मध्ये १०९ आणि १८. ज्या २२ गुणांच्या फरकाने आमची झोप उडाली होती, त्यातला १६ गुणांचा भाग केवळ अंदाजांचा होता आणि तिच्या तयारीतला फरक अवघा सहा गुणांचा होता. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारात एकदा बरोबर येतो. भौतिक-रसायनातल्या २५ टिंबांचे सरासरीने सहा गुण आणि गणितातल्या २० टिंबांचे १०, म्हणजे एकूण १६ च्या आसपास मिळणे अपेक्षित आहे. पण सरासरी १६ असली तरी एखाद्या दिवशी ८ आणि एखाद्या दिवशी २४ येणे अगदी साहजिक आहे. गणितात एका अंदाजाला दोन गुण असल्यामुळे तिथे हा झोका आणखी मोठा होतो.

हे कळल्यावर मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्या डोळ्यांदेखत उतरला. ती काही विसरत नव्हती. त्याच कागदांवरून आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते अभ्यासाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची होती : टिंब नसलेले, म्हणजे तिने खात्रीने सोडवलेले आणि तरीही चुकलेले प्रश्न. ते प्रत्येक परीक्षेत २० च्या वर होते. भौतिकशास्त्रात एककांचे रूपांतर राहून गेलेले, गणितात निश्चित संकलनाच्या सीमा बदलायच्या विसरलेल्या, 'यांपैकी अयोग्य विधान कोणते' या प्रश्नातला 'अयोग्य' हा शब्द नजरेतून सुटलेला. शेवटच्या तीन आठवड्यांत तिने नवीन प्रकरण एकही उघडले नाही. फक्त या चुकांची एक यादी करून ती रोज सकाळी वाचत असे.

परीक्षा मे महिन्यात, सकाळच्या सत्रात होती आणि केंद्र साताऱ्याच्या बाहेर एका महाविद्यालयात आले होते. पहाटे पाचला आम्ही घर सोडले. हॉल तिकीट, ओळखपत्र आणि पाण्याची पारदर्शक बाटली एवढेच बरोबर होते. ती आत गेल्यावर मी आणि इतर पालक एका लिंबाच्या झाडाखाली बसून होतो आणि तिथेही चर्चा तीच होती : "तुमच्याकडे मॉकला किती पडायचे?" बारानंतर ती बाहेर आली आणि पहिले वाक्य बोलली, "आई, मी भौतिकशास्त्रापासून सुरू केलं." सगळ्या सराव परीक्षांत ती रसायनशास्त्रापासून सुरुवात करायची. पडद्यावर भौतिकशास्त्र आधी दिसले आणि तिचा हात आपोआप तिथेच गेला. पहिल्याच तीन प्रश्नांत लांबलचक आकडेमोड होती, त्यात आठ मिनिटे गेली. त्यात माऊस अडकत होता. पर्यवेक्षकांनी तो बदलून दिला, पण तोपर्यंत तिचे लक्ष विचलित झाले होते. वीस मिनिटांनी तिने रसायनशास्त्र उघडले आणि मग गाडी रुळावर आली. गणित "क्लासच्या पेपरांपेक्षा लांब, पण अवघड नाही" असे तिचे म्हणणे होते. घरी येईपर्यंत ती गाडीत झोपली. मी तिला गुण विचारले नाहीत.

काही दिवसांनी सीईटी कक्षाने उत्तरतालिका आणि प्रत्येकाने निवडलेली उत्तरे लॉगिनमध्ये उपलब्ध करून दिली. शुल्क भरून हरकत घेण्याची सोय असते ती याच टप्प्यावर. निकालपत्रकावर फक्त पर्सेंटाईल छापले जाते, त्यामुळे मूळ गुण जाणून घ्यायचे असतील तर ते असे स्वतः मोजावे लागतात. रात्री आम्ही दोघी बसलो आणि १५० प्रश्न एकेक करून ताडून पाहिले. बेरीज ११७ आली. रफ कागद केंद्रावरच जमा झाल्यामुळे टिंबे आमच्याकडे नव्हती, पण प्रश्न समोर पाहून तिला कोणता पर्याय अंदाजाने निवडला होता हे बहुतेक ठिकाणी आठवत होते. त्यावरून खात्रीचे १०४ आणि अंदाजाचे १३ अशी विभागणी झाली.

आता वहीतल्या आकड्यांशी हे ताडून पाहा. सर्व १४ परीक्षांची सरासरी ११६.७ येते, म्हणजे जवळजवळ नेमकी. परंतु तो निव्वळ योगायोग आहे, कारण त्यात अकरावीचा भाग नसलेल्या जानेवारीच्या परीक्षाही आहेत आणि पाठ असलेल्या प्रश्नांच्या परीक्षाही आहेत, आणि त्यांच्या चुका एकमेकींना खाऊन गेल्या आहेत. शेवटच्या सात परीक्षांची सरासरी १२६.७ आहे. त्यातल्या चौकटीतल्या दोन वगळल्या की १२१.४ उरते. म्हणजे खरे गुण अपेक्षेपेक्षा सुमारे चारने कमी, गणिताच्या दोन प्रश्नांइतके. खात्रीच्या गुणांचा पट्टा त्या पाच परीक्षांत १०१ ते १०९ असा होता आणि सीईटीत १०४ आले. सरांचे वीस-पंचवीस वाढले नाहीत आणि शेजारच्या ताईंचे वीस-पंचवीस कमीही झाले नाहीत.

जूनमध्ये निकाल लागला. दशांशचिन्हापुढे सात अंक असलेला तो आकडा ९६.४ ने सुरू होत होता. क्लासच्या ८८.२ पासून तो जितका दूर होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर ॲपच्या ९८.६ पासून होते, पण याचा अर्थ ॲप खरे निघाले असा मी लावत नाही, तिथे ९८.६ हे १०९ गुणांना मिळाले होते आणि इथे ११७ गुणांना ९६.४ मिळाले. मुलीच्या एका मैत्रिणीचे उत्तरतालिकेवरून १११ गुण येत होते, म्हणजे आमच्यापेक्षा सहा कमी, आणि तिचे पर्सेंटाईल ९६.९ आले. तिचे सत्र वेगळ्या दिवशी होते आणि तिथले गणित कठीण होते, असे त्या सत्राची सगळीच मुले सांगत होती. आधी मला हे समजले नसते तर मी अन्याय झाला म्हणून आठ दिवस तळमळले असते. सत्र कोणते मिळणार हे कोणत्याही सराव परीक्षेतून कळणे शक्य नाही. आणि म्हणूनच सरावातल्या गुणांवरून नेमके पर्सेंटाईल काढून देणारी कोष्टके क्लासच्या सूचनाफलकावर लागतात तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाची यादी मी निकालानंतर नव्याने केली, मागच्या वर्षीचे कट-ऑफ समोर ठेवून. आधीच्या दोन्ही याद्यांतली काही नावे तिच्यात आली.

यंदा माझ्या बहिणीचा मुलगा बारावीला आहे. परवा त्याचा फोन आला : "मावशी, पहिल्या मॉकला ९६ पडलेत. सीईटीला किती पडतील गं?" मी त्याला विचारले की त्यातले अंदाजाने किती मारलेस. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ते नाही मोजलं." रफ कागद टाकून दिला होता. पुढची परीक्षा रविवारी आहे, आणि या वेळी कागद जपून ठेवून प्रत्येक अंदाजापुढे टिंब द्यायचे त्याने कबूल केले आहे. वही मी त्याच्याकडे पाठवून दिली. तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत.